योनीमुखावरच्या शस्त्रक्रियेनंतर घरी : पाणी, वारा आणि बसण्याउठण्याचे गणित

पाय मोडला की घरात सगळ्यांना कळते. प्लास्टर दिसते, काठी दिसते, शेजारीण शहाळे घेऊन बघायला येते. योनीमुखावर शस्त्रक्रिया झालेली बाई मात्र तिसऱ्या दिवशी गाऊन घालून ओट्यापाशी उभी असते, कारण ‘बायकांचे छोटेसे ऑपरेशन’ यापलीकडे घरात कुणाला काही सांगितलेलेच नसते. मग नारळ खवायला ती आदोळीवर (जमिनीवर बसून वापरायच्या खवणीवर) बसते, टाक्यांवर ताण येतो, रक्ताचा डाग दिसतो, आणि तेही ती कुणाला सांगत नाही.

म्हणून गोळ्या-औषधांच्या आधी एक काम करा. नवरा, आई, सासू, मोठी मुलगी, जे कोणी जवळचे असेल त्या निदान एका माणसाला स्पष्ट सांगा की जखम कुठे आहे, आणि किती दिवस तुम्हाला खाली बसता येणार नाही, जड उचलता येणार नाही. पुढे जे लिहिले आहे त्यातले निम्मे या एका सांगण्यावर अवलंबून आहे. जमले तर हे बोलणे ऑपरेशनच्या आधीच उरकावे.

योनीमुख म्हणजे बाहेरून दिसणारा सगळा भाग : बाहेरचे मोठे ओठ, आतले लहान ओठ, क्लिटोरिस, लघवीचे छिद्र आणि योनीचे तोंड. गर्भाशयाच्या ऑपरेशनशी लोक याची गल्लत करतात. ते पोटातले, हे मुख्यतः त्वचेचे आणि तिच्या खालच्या थराचे. कारणे वेगवेगळी असतात. योनीच्या तोंडापाशी दोन्ही बाजूंना बार्थोलिन ग्रंथी असतात. त्यातल्या एकीची नळी तुंबली की गाठ होते, पू धरला की चार पावले चालणेही नको होते. ती गाठ उघडून तिच्या कडा बाहेरच्या त्वचेला शिवतात, किंवा आत छोट्या फुग्याची बारीक नळी काही आठवडे ठेवतात. एखादा डाग, चट्टा संशयास्पद वाटला तर त्याचा तुकडा तपासणीला काढतात. कर्करोगाच्या आधीचे बदल सापडले तर तेवढी त्वचा काढतात. कर्करोगच असेल तर योनीमुखाचा काही भाग किंवा पूर्ण योनीमुख, आणि बऱ्याचदा जांघेतल्या लसिकाग्रंथीही (लिम्फ नोड) काढाव्या लागतात.

त्यामुळे ‘किती दिवसांत बरी होईन’ याला एकच उत्तर नाही. तुकडा काढला असेल तर काही दिवसांतच त्रास ओसरतो. बार्थोलिनच्या गाठीनंतर साधारण एक-दोन आठवडे जपावे लागते. त्वचेचा मोठा भाग काढला असेल तर चार ते सहा आठवडे, आणि जांघेपर्यंतची मोठी शस्त्रक्रिया असेल तर सहा-आठ आठवडे किंवा त्याहून जास्त. बहिणीचे बार्थोलिनचे ऑपरेशन झाले होते आणि ती आठवड्याने कामाला लागली होती, हा दाखला कर्करोगाचे ऑपरेशन झालेल्या बाईच्या तोंडावर मारण्यात अर्थ नाही.

या जागेला रक्तपुरवठा भरपूर असतो. त्याचे पहिले रूप भीतीदायक दिसते. पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज चढते, त्वचा काळी-निळी पडते, एक बाजू दुसरीपेक्षा मोठी वाटते. पण हाच रक्तपुरवठा जखम भरून आणायला मदत करतो. शिवाय इथे मज्जातंतू दाट असतात, म्हणून छोट्या जखमेचेही दुखणे मोठे वाटते. त्यात नाटक काही नसते.

बांबोळीहून घरापर्यंत

पेडणे, सत्तरी, काणकोण, शिवाय पलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीकडच्याही कितीतरी जणी उपचाराला बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, येतात. परतीचा रस्ता हीच पहिली परीक्षा. दुचाकी नको, ओळखीचा पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाला) असला तरी नको. स्कूटरची सीट नेमकी त्याच जागी दाबते आणि खड्ड्यांत हिसके बसतात. बसमध्ये बसायला जागा मिळाली तरी हिसके तेच. चारचाकीत पुढची सीट मागे कलती करून, खाली जाड मऊ उशी घेऊन, पट्टा लावून बसा. रस्ता लांबचा असेल तर वाटेत थांबून पाच मिनिटे चाला. निघण्याआधी वेदनाशामक गोळीची वेळ झाली असेल तर ती घेऊनच गाडीत बसावे.

डिस्चार्जचा कागद इंग्रजीत असतो आणि घाईत हातात पडतो. तिथल्या तिथे नर्सला विचारून घ्या : टाके विरघळणारे आहेत की काढायचे आहेत? पाण्याच्या टबात कधीपासून बसायचे? त्वचेचा पापुद्रा दुसरीकडून आणून लावला आहे का? रक्त पातळ होण्याची इंजेक्शने घरी घ्यायची आहेत का? रात्री-अपरात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा? उत्तरे मराठीत लिहून घ्या. लाजायचे असेल तर घरी गेल्यावर लाजा, वॉर्डात नको.

लघवी, पाणी आणि आग

इतर जखमांना आपण पाणी लागू देत नाही. ही जखम दिवसातून सहा-सात वेळा लघवीने भिजते. पट्टी टिकत नाही, बांधून ठेवता येत नाही. तेव्हा पाण्याला इथे शत्रू समजू नका. हीच मुख्य मलमपट्टी आहे.

ताज्या जखमेवर लघवी लागली की आग होते. त्या भीतीने बायका पाणी पिणे कमी करतात, आणि इथेच फसतात. पाणी कमी, की लघवी घट्ट आणि जास्त झोंबणारी. दिवसभर पाणी, शहाळे, पातळ पेज पोटात जात राहिली की लघवी फिकट होते आणि आगही कमी होते. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या त्रासामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी मात्र डॉक्टरांचेच माप पाळावे.

दुसरी युक्ती लघवी करतानाची. मऊ प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला चार-पाच बारीक भोके पाडा, कोमट पाणी भरा, आणि लघवी सुरू होताच पुढून हलकी धार सोडत राहा. लघवी बाहेर पडताच पातळ होते, झोंबत नाही. थोडे पुढे वाकून बसले की धार जखमेपासून दूर जाते. अगदीच असह्य झाले तर न्हाणीत उभे राहून अंगावर कोमट पाणी घेता घेता लघवी करा. त्यात काही गैर नाही. टॉयलेटमधल्या जेटचा मात्र जोराचा फवारा मारू नका, टाके ताजे असतात. धुणे नेहमी पुढून मागे. पुसणे नाही, टिपणे.

टबात बसणे, ज्याला हॉस्पिटलात सिट्झ बाथ म्हणतात, ते डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सुरू करायचे. कमोडवर बसणारा प्लास्टिकचा टब औषधांच्या दुकानात मिळतो. मनगटाला सोसेल इतके कोमट पाणी, दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा आणि शौचानंतर. डॉक्टरांनी पाण्यात औषध टाकायला सांगितले असेल तर तेच आणि तेवढेच. नाहीतर साधे पाणी पुरते. विहिरीचे पाणी वापरत असाल, किंवा पावसाळ्यात नळाला गढूळ येत असेल, तर उकळून निवलेले घ्या. टब दर वेळी धुऊन वाळवा आणि घरात दुसऱ्या कशाला वापरू नका.

आता काय लावायचे नाही. डेटॉल नाही, सॅव्हलॉन नाही, हळद नाही, खोबरेल नाही, पावडर नाही, सुगंधी साबण नाही, ‘खास बायकांसाठी’ म्हणून विकले जाणारे धुण्याचे द्रव नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्या हळद-खोबरेलाचा आग्रह धरतील, मायेनेच धरतील. पण तेलकट थराखाली ओल अडकते, आणि जंतुनाशके नव्या वाढणाऱ्या त्वचेलाही जाळतात. मलम लावायचे असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेलेच. लायकेन स्क्लेरोसस (योनीमुखाची त्वचा पांढरी पडून खाजणारा आजार) यासाठी आधीपासून स्टेरॉइडचे मलम चालू असेल तर ते परत कधी सुरू करायचे हे विचारून घ्या; ते आपल्या मनाने बंदही ठेवायचे नाही.

वारा

पाण्याच्या मागोमाग कोरडे करणे आले, आणि गोव्यात हेच कठीण. जूनपासून सप्टेंबरपर्यंत टॉवेल वाळत नाहीत, अंतर्वस्त्रे दोरीवर तीन दिवस दमट लोंबतात, आणि दमट कापड म्हणजे बुरशीला आवतण. कपडे पंख्याखाली वाळवून वर इस्त्री फिरवा, शिवणीवरून नीट. जखमेसाठी मऊ सुती कापडाचे वेगळे तुकडे ठेवा, टॉवेल कुणाबरोबर वाटून घेऊ नका.

धुतल्यावर स्वच्छ कापडाने टिपा, मग पंख्याखाली उशीला टेकून पाय सैल ठेवून दहा मिनिटे पडा, दार लावून. हेअर ड्रायर असेल तर थंड हवेवर आणि हातभर अंतरावरून चालेल. गरम हवा नको, त्या भागाला बधिरपणा असेल तर भाजलेले कळतही नाही. घरात असताना सैल गाऊन किंवा परकर, आत काही न घालता, सगळ्यात उत्तम. स्राव येत असेल तर सैल सुती निकर आणि साधा, वास नसलेला पॅड. तो पूर्ण भिजायची वाट न पाहता तीन-चार तासांनी बदला. पाळी आली तरी पॅडच, टॅम्पॉन किंवा कप नको. लेगिंग, जीन्स, सिंथेटिक पंजाबी ड्रेसची घट्ट सलवार हे सारे महिनाभर कपाटात राहू दे.

बसणे, उठणे, झोपणे

मांडी घालून, पाटावर, उकिडवे बसणे आणि आदोळीवर एक गुडघा वर घेऊन बसणे, या प्रत्येकात टाक्यांची जागा ताणली जाते. नारळ खवणे, मासळी कापणे ही कामे दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागतील. जमत नसेल तर खवलेले खोबरे विकत आणा. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली असेल तर आधीच जाहीर करून टाका की या वर्षी करंज्या-नेवऱ्या दुसरी कुणीतरी करील. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला पुरुष आहेतच, मोदक वळायलाही त्यांना हात आहेत.

सुरुवातीला जास्त वेळ कुशीवर, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. खुर्चीवर बसायचे तर एका वेळी वीस-तीस मिनिटे, जाड मऊ उशीवर, थोडे मागे रेलून. मध्ये भोक असलेली गोल रबरी उशी लोक हौसेने आणतात. तिच्यात मधला भाग आधाराविना राहतो आणि सूज वाढू शकते, म्हणून अनेक ठिकाणी ती नको म्हणतात. विचारल्याशिवाय घेऊ नका. पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळा, पाय एकत्र खाली सोडा, हातांनी रेटून बसते व्हा.

पडूनच राहणेही चांगले नाही. घरातल्या घरात दिवसातून चार-सहा वेळा फेऱ्या माराव्यात आणि झोपल्या झोपल्या पावले वर-खाली हलवावीत, म्हणजे पायातल्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका कमी होतो. मोठ्या ऑपरेशननंतर हा धोका खराच असतो. भरलेली कळशी, गॅसचा सिलिंडर, कडेवर घेण्याचे मूल या गोष्टी डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाहीत. स्कूटर चालवायची कधी? न दुखता बसता येईल, अचानक ब्रेक दाबता येईल आणि पाय टेकून गाडी सावरता येईल तेव्हा, आणि तेही डॉक्टरांना विचारून. समुद्रात, नदीत, झरीवर अंघोळ जखम पूर्ण भरेपर्यंत नको.

पोट साफ होणे

हा विषय बोलायला कुणालाच आवडत नाही आणि पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त रडवतो तो हाच. ट्रामाडॉलसारख्या जोरदार वेदनाशामक गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या, दोन्ही मलावरोध करतात. त्यात दुखेल म्हणून बाई जाणे लांबवते, मल आणखी कडक होतो, मग कुंथावे लागते आणि टाके ताणले जातात. उपाय पहिल्या दिवसापासून हवा, तिसऱ्या दिवशी अडल्यावर नाही. पेज चांगली, पण नुसत्या पेजेवर राहिल्याने भागत नाही. तिच्यासोबत तांबडी भाजी, मुगागाठी, नाचणीची आंबील, पपई, केळे असू दे. इसबगोल घेतला तर पेलाभर पाण्याबरोबरच. डॉक्टरांनी लॅक्टुलोजसारखे पातळ औषध दिले असेल तर ‘आज गरज नाही’ म्हणून सोडू नका.

भारतीय संडासात उकिडवे बसणे या दिवसांत टाळावे. घरात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची भाड्याने किंवा विकत मिळते. जुन्या घरांत संडास परसात, पायऱ्या उतरून असतो, तिथे तर ती खोलीतच ठेवावी. कमोडवर बसताना पायांखाली लाकडी पाट घ्या. गुडघे थोडे वर आले की जोर न लावता शौचाला होते.

दुखणे

गोळी दुखायला लागल्यावर नाही, वेळेवर घ्यायची, निदान पहिले दोन-तीन दिवस. दुखणे एकदा चढले की उतरायला वेळ लागतो. पॅरासिटामॉल चोवीस तासांत चार ग्रॅमच्या पुढे जाऊ देऊ नये. यकृताचा त्रास असेल किंवा वजन फार कमी असेल तर मर्यादा आणखी खाली येते. सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, ती बेरजेत धरा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांच्यासाठी आधी विचारा, विशेषतः पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर.

पहिले दोन-तीन दिवस बर्फाने सुजेला आराम पडतो. बर्फ पिशवीत, पिशवी सुती कापडात, दहा-पंधरा मिनिटे, मग तासभर विश्रांती. फ्रीझरमध्ये बांगडे-इसवण असतात तिथली उघडी बर्फाची लादी नको, वेगळ्या पिशवीत गोठवा. दुसरीकडची त्वचा आणून लावली असेल तर बर्फही नाही आणि दाबही नाही, कारण त्या त्वचेचा रक्तपुरवठा नाजूक असतो.

काय पाहायचे

हातात धरायचा आरसा घ्या आणि दिवसातून एकदा बघा. पहिल्यांदा धक्का बसतो, सवय होते. काल कसे होते हे ठाऊक असले तरच आज बिघडले की नाही ते कळते. विरघळणाऱ्या टाक्यांचे दोरे काही आठवड्यांत पॅडवर पडलेले दिसतात. जखमेवर पिवळसर, चिकट पातळ थर येतो. वास नसेल तर तो बहुधा भरून येण्याचाच भाग. खाज, मुंग्या, अधूनमधून चमक, एखादी बधिर जागा, लघवीची धार तिरकी होणे हेही घडते. केस परत उगवताना टोचतात, पण दाढीचे ब्लेड लावू नका.

जखमेची कड थोडी उसवणे या जागी बरेचदा होते, विशेषतः मोठ्या ऑपरेशननंतर. उसवलेले पाहून बाई हबकते. डॉक्टरांना दाखवायचेच, पण बहुतेक वेळा परत शिवत नाहीत. स्वच्छ ठेवून ती जखम तळापासून वर भरू देतात. वेळ जास्त लागतो इतकेच. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणे हे याच भरण्याचे औषध आहे, आणि मिश्री, तंबाखू, सिगारेट भरणे लांबवतात.

थांबायचे नाही अशा गोष्टी : तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, एका बाजूची सूज अचानक वाढून टणक होणे, ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर. घाण वासाचा पू, पसरत जाणारी लाली. बरेच तास लघवीच न होणे. यातले काहीही झाले तर लगेच हॉस्पिटल गाठा. एका पोटरीत दुखून सूज आली तर तेव्हाच जा. धाप लागली किंवा छातीत दुखले तर 108.

जांघेतल्या ग्रंथी काढल्या असतील त्यांच्यासाठी आणखी थोडे. ड्रेनची (जखमेतले पाणी बाहेर काढणारी) नळी असेल तर रोज एकाच वेळी किती पाणी आले ते वहीत लिहा. नळी कधी काढायची हे त्या आकड्यावर ठरते. जांघेत पाणी साचून फुगवटा येऊ शकतो. पाय सुजणे काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही सुरू होते, कारण लसिका वाहून नेणारी वाट कमी झालेली असते. बसताना पाय वर ठेवा, घट्ट मोजे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टने मोजून दिले तरच वापरा, आणि त्या पायाला साधा ओरखडाही येऊ देऊ नका. कुळागरात, शेतात अनवाणी जाणे आता बंद. पाय लाल होऊन ताप आला तर संध्याकाळची वाट पाहू नये.

शरीरसंबंध साधारण चार-सहा आठवडे नाहीत, मोठ्या ऑपरेशननंतर जास्त काळ, आणि तपासणीत जखम भरली असे सांगितल्यावरच. नवऱ्याला हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलेले बरे पडते, म्हणून शक्य असेल तर त्याला फेरतपासणीला सोबत न्या. पुढे सुरुवात करताना पाण्यात विरघळणारी जेल वापरा, घाई नको. दुखत राहिले, किंवा क्लिटोरिस वा ओठ काढल्यामुळे स्पर्श वेगळा जाणवू लागला, तर तेही तपासणीत विचारण्यासारखे आहे. पन्नाशी उलटलेल्या बायकांना हा प्रश्न कुणी विचारतच नाही, त्यांनी आपणहून काढावा.

काढलेल्या तुकड्याचा अहवाल ऑपरेशननंतर काही दिवसांनी येतो, आणि जखम बरी वाटली म्हणून तो आणायला न जाणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. अहवालाची प्रत घ्या आणि दोन गोष्टी विचारा : काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत का, आणि पुढची तपासणी कधी. कर्करोग किंवा त्याआधीचे बदल निघाले असतील तर ते परत येऊ शकतात, म्हणून या तपासण्या काही वर्षे चालतात. मधल्या काळात त्याच आरशात महिन्यातून एकदा बघत राहा. नवी गाठ, न भरणारा व्रण, पांढरा किंवा काळपट चट्टा, न थांबणारी खाज दिसली तर पुढच्या तारखेसाठी थांबू नका.